तीन उकळ्यांचे पाणी आणि विमानतळाची तपासणी

मागील उन्हाळ्यात आईला घेऊन लंडनला धाकट्या भावाकडे जाण्याचा योग आला. विमान दुपारचे होते. डोंबिवलीहून शिळफाटा, ऐरोली पूल असा रस्ता धरायचा, त्यात वाहतुकीचा भरवसा नाही, म्हणून सकाळी लवकर निघालो. त्याआधी सहाच्या सुमारास आईने नेहमीप्रमाणे पातेल्यात पाणी ठेवले, तीन उकळ्या येऊ दिल्या, निववून, गाळून स्टीलच्या बाटलीत भरले. उन्हाळ्यात उकळलेल्या पाण्याची मर्यादा पाच प्रहरांची, म्हणजे पंधरा तासांची. रात्री नऊपर्यंत चिंता नाही, असा तिचा साधा हिशेब होता.

सुरक्षा-तपासणीच्या पट्ट्यावर तो हिशेब मोडला. गणवेशातील तरुणीने बाटली बाजूला काढली. "आजी, हे आत नेता येणार नाही. इथेच प्या, नाहीतर ओतून टाका." आई म्हणाली, "अगं बाळ, साधं पाणी आहे. उकळलेलं आहे." मुलगी नम्र होती, पण नियम तिच्या हातात नव्हता. आईने उभ्याउभ्या चार घोट घेतले, उरलेले ओतले आणि रिकामी बाटली पिशवीत ठेवली. त्यानंतर भाव्याच्या घरी पोहोचेपर्यंतचे तास तिने कसे काढले, हे पाहिल्यावर या नियमांचा थोडा अभ्यास करावा असे वाटले. आपल्या बहुतेक घरांतून आता कोणी ना कोणी परदेशी जातच असते.

हा नियम पाण्यासाठी जन्मला नाही. 10 ऑगस्ट 2006 रोजी ब्रिटिश पोलिसांनी अटलांटिक ओलांडणारी विमाने उडवून देण्याचा एक कट उघडकीस आणला. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके नेण्याचा बेत होता. त्या दिवसापासून हातातल्या सामानात द्रव नेण्यावर बंदी आली. पुढे त्याच वर्षी ती सैल होऊन आजचा नियम ठरला : प्रत्येक डबी किंवा बाटली जास्तीत जास्त 100 मिलिलिटरची, आणि अशा सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. क्ष-किरणांच्या जुन्या यंत्राला पाणी आणि घातक द्रव यांतला भेद नीट कळत नाही, हे त्यामागचे कारण. यंत्राला जे कळत नाही, ते माणसाने सांगून चालत नाही. देशांतर्गत प्रवासात आपल्याकडे पाण्याची बाटली बहुधा तपासून सोडतात. म्हणून दिल्ली-चेन्नईच्या फेऱ्या करणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांना हा अनुभव सहसा येत नाही, आणि पहिल्याच परदेशवारीत घरातील ज्येष्ठ गोंधळतात.

"द्रव" या शब्दाची व्याप्तीही आपल्या समजुतीहून मोठी आहे. तूप, दही, छुंदा, लोणचे, चटणी, आमरस, जे जे ओघळते वा पसरते ते सारे त्यात येते. युरोपीय नियमांत प्रवासात लागणारी औषधे, बाळाचे अन्न आणि विशेष आहारासाठी आवश्यक द्रव यांना सवलत आहे. पण व्रताचे पाणी त्यात बसते की नाही, हे समोरच्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर राहते. त्या भरवशावर वृद्ध माणसाला नेऊ नये, असे माझे मत आहे.

मग विमानात उकळते पाणी मिळत नाही का? चहासाठीचे गरम पाणी मिळते, आणि मागितल्यास कर्मचारी ते आनंदाने देतात. परंतु येथे एक गंमत आहे. विमानाच्या आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा ठेवलेला असतो. आठ हजार फुटांवर पाणी 100 अंशांवर नव्हे, सुमारे 92 अंशांवरच उकळते. शिवाय विमानातील यंत्र पाणी उकळत ठेवत नाही, तापवून ठेवते. तीन उकळ्यांचा नियम पाळणाऱ्याने हे पाणी ग्राह्य धरावे की नाही, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. निघण्यापूर्वी महाराजसाहेबांना विचारून घ्यावे. एक मार्ग मात्र आम्हाला परतीच्या वेळी सापडला. रिकामी बाटली तपासणीतून निर्धास्त नेता येते, आणि तपासणीनंतरच्या चहाच्या दुकानात जमिनीवरचे, खरोखर उकळणारे पाणी मिळते. दुकानदाराला दोन मिनिटे थांबून पुन्हा उकळी आणायला सांगितले, तर तो हसतो, पण आणतो.

पाण्याचे असे झाले. ताटाचे दुःख निराळे होते. तिकीट काढताना आम्ही जैन भोजन नोंदवले होते. विमान कंपन्यांच्या भाषेत त्याला व्हीजेएमएल हा संकेत आहे. हिंदू शाकाहारी भोजनाचा एव्हीएमएल वेगळा. कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे वगळलेले ताट जगभर या चार अक्षरांनी ओळखले जाते, ही आपल्या समाजाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. परंतु प्रवासाच्या दोन दिवस आधी आमचे विमान बदलले गेले, नवे तिकीट आले, आणि ती चार अक्षरे वाटेत कुठेतरी गळाली. आईसमोर आले ते बटाट्याच्या भाजीचे ताट. सेविका बिचारी ओशाळली. "मागे काही आहे का पाहते," म्हणून गेली आणि फळांचे चार तुकडे घेऊन आली.

त्या क्षणी मला राग आला होता. नंतर कळले की विमानात ती काहीच करू शकत नव्हती. विमानात स्वयंपाक होत नाही. तो होतो विमानतळाजवळच्या मोठ्या स्वयंपाकघरात, कित्येक तास आधी. अन्न शिजवून झटपट थंड केले जाते, शीतगृहात ठेवले जाते आणि विमानात फक्त पुन्हा गरम केले जाते. ही स्वयंपाकघरेदेखील सुरक्षेच्या कक्षेत येतात. आपल्या देशात नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्युरोचे नियम त्यांना लागू आहेत. ताटे ट्रॉलीत भरली की ट्रॉलीला सील लागते, सीलचा क्रमांक लिहिला जातो, आणि विमानात चढवताना तो पडताळला जातो. सील तुटलेले दिसले तर तपासणी पुन्हा. ऐन वेळी बाहेरून एक ताट आणून आत सरकवणे, जे आपण लग्नाच्या मांडवात सहज करतो, ते येथे जवळजवळ अशक्य असते. घरची शिदोरी गरम करून देण्यासही ते सहसा नकार देतात, ते याच शिस्तीतून.

म्हणून जैन ताटाचा निर्णय नोंदणीच्या वेळी होतो. बहुतेक कंपन्या किमान 24 तास आधी, काही त्याहून अधिक वेळ आधी नोंद मागतात. विमान बदलले, तारीख बदलली, वाटेत दुसऱ्या कंपनीचे विमान आले, की नोंद पुन्हा पाहिली पाहिजे. हे काम एजंटवर सोडू नये. दुकानातला माल निघाला की पावती आपण स्वतः पाहतो, तसेच हे.

आणखी एक प्रश्न आईनेच विचारला, तो मला सुचला नसता. "हे शिजवलं केव्हा?" सकाळच्या विमानाचे जेवण आदल्या रात्री शिजलेले असू शकते. जो वासी अन्नाचा त्याग पाळतो, त्याच्यासाठी व्हीजेएमएल हा संकेत अपुरा आहे. त्यात कंदमूळ नाही एवढीच हमी मिळते. शिजवण्याचा प्रहर कोणी लिहीत नाही.

शेवटी उपयोगी पडला तो खाखरा. कोरडा, भाजलेला, न ओघळणारा. ना यंत्राची हरकत, ना आईची. त्याच दिवशी सकाळी केलेले ठेपले त्या दिवसापुरते चालतात, दुसऱ्या दिवशी काटेकोर माणसाला चालत नाहीत. सुखडी, शेव, भाजलेले मखाणे हेही निर्वेध जातात. मुखवास, सुंठ-गंठोडा अशी चूर्णे अमेरिकेकडे नेताना मात्र जपावे : जून 2018 पासून तिकडे जाणाऱ्या विमानांत हातातल्या सामानातील 350 मिलिलिटरहून अधिक चुर्णाची वेगळी तपासणी होते. मोठा डबा मोठ्या बॅगेतच टाकावा. तपश्चर्येच्या प्रभावनेत मिळालेले श्रीफळ बरोबर नेण्याचा मोह पुष्कळांना होतो. सुके खोबरे तेलामुळे आपोआप तापू शकते म्हणून ते विमानवाहतुकीत धोकादायक मालात मोडते, आणि नारळ हातात नेण्यासही एरवी मनाई असते. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी ऑक्टोबर 2024 ते 20 जानेवारी 2025 या काळात सुरक्षा ब्युरोने खास सवलत दिली होती, यावरूनच मूळ नियम किती कडक आहे ते समजावे. तूप आणि दुधाची मिठाई यांबाबत उतरण्याच्या देशाचे कायदेही पाहावेत; ब्रिटन व युरोपात भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. तो सुरक्षेचा नव्हे, पशुरोगांचा प्रश्न.

प्रवास आणि शिदोरी यांचे नाते आपल्याला नवे नाही. धवल शेठने समुद्रात ढकललेला श्रीपाल ज्या किनाऱ्याला लागला, ती कोकणची थाणा नगरी, असे परंपरा सांगते. टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरात ती कथा आजही जिवंत आहे. 1893 साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला समुद्रमार्गे गेले आणि परदेशात शाकाहारी राहिले. त्या काळी अडचण अन्न मिळण्याची होती. आज अन्न मिळते, पण त्याच्यावर आपला हात राहत नाही.

अलीकडे दोन गोष्टी बदलल्या. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले आणि पश्चिमेकडचे प्रवास लांबले. तेव्हा नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना वाढीव वेळेनुसार अन्न, पाणी आणि विशेष भोजने पुरेशी ठेवण्यास सांगितले. विशेष भोजनाचा उल्लेख सरकारी सूचनेत स्पष्टपणे आला, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे. ताट न मिळाल्यास तक्रार लेखी करावी. दुसरे म्हणजे, द्रव ओळखू शकणारी नवी यंत्रे येत आहेत. एडिंबरा आणि बर्मिंगहॅम येथे जुलै 2025 पासून दोन लिटरपर्यंतची बाटली नेता येते. आपल्याकडे ही सोय येईपर्यंत रिकामी बाटलीच खरी.

विमान पश्चिमेला जात होते तसा सूर्य मावळायचे नाव घेईना. डोंबिवलीत अंधार पडून गेला होता आणि आमच्या खिडकीत लख्ख ऊन होते. आईने घड्याळ पाहिले, खिडकी पाहिली. "चोविहार कुठल्या सूर्याचा धरायचा रे? घरचा की हा?" मला उत्तर देता आले नाही. तिने उरलेला खाखरा डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि माळ काढली.