भिंतीआडचे ॲस्बेस्टॉस : ब्रिटिश शाळांचा मागोवा

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला शाळा हव्या होत्या, त्याही झटपट आणि कमी खर्चात. १९५७ मध्ये नॉटिंगहॅमशायर व इतर काही स्थानिक परिषदांनी मिळून ‘क्लास्प’ ही बांधकामपद्धत सुरू केली. पोलादी सांगाडा उभारायचा आणि कारखान्यात तयार झालेले भाग त्यावर बसवायचे. आगीत पोलाद वाकू नये म्हणून खांबांभोवती ॲस्बेस्टॉसचे तक्ते लागले. छतात आणि बॉयलरच्या पाइपांवरही तेच आले. ते घातक असल्याचे तेव्हा ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. कारखान्यांतील ॲस्बेस्टॉसच्या धुळीसाठी ब्रिटनने १९३१ मध्येच नियम केले होते. पण ते कामगारांपुरते होते. वर्गातल्या मुलांचा विचार त्यांत कुठेच नव्हता.

निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये बंदी आली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. ती नव्या वापरावर होती. आधीच बसवलेल्या मालाबाबत धोरण ठरले ते असे : सुस्थितीत असेल तर हलवू नका, नोंद ठेवा, लक्ष ठेवा. तंतू हवेत मिसळले तरच फुप्फुसात जातात, त्यामुळे हे तत्त्व चुकीचे नाही. पण त्याला हवी तशी निवांत इमारत शाळा कधीच नसते. मुले भिंतीवर चेंडू मारतात, दप्तरे आपटतात, भिंतींवर चित्रे टाचली जातात. क्लास्प शाळांत तर २००६ मध्ये असे आढळले की नुसते दार आपटले तरी खांबांच्या आवरणातील फटींतून तंतू वर्गात येऊ शकतात. त्यावर उपाय काय, तर फटी बुजवणे.

शाळेतल्या हवेत तंतूंचे प्रमाण अगदी कमी असते, मग एवढी चिंता कशाला, असे विचारले जाते. एकेका मुलापुरता धोका लहान आहे, हे मान्यच. मात्र ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर बहुधा तीस-चाळीस वर्षांनी प्रकटतो आणि मुलांपुढे तेवढे आयुष्य असते. पाचव्या वर्षी संपर्क आलेल्या मुलाचा आजन्म धोका तिसाव्या वर्षी संपर्क आलेल्या प्रौढाच्या सुमारे पाचपट असतो, असे ब्रिटिश सरकारच्याच तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये सांगितले. त्याआधी २०११ मध्ये, १९७० च्या दशकात एका विद्यार्थिनीच्या शाळेत झालेल्या अल्प संपर्काबद्दलही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक परिषदेला जबाबदार धरले होते. निकाल लागला तेव्हा ती माजी विद्यार्थिनी हयात नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ॲस्बेस्टॉस काढून टाकतानाच तंतू जास्त उडतात. शाळांतील ॲस्बेस्टॉसविषयीच्या १९८६ च्या कायद्यानंतर अमेरिकेतल्या शाळांमध्ये ही भीती खरीच पुढे आली होती. पण हा युक्तिवाद घाईने, निष्काळजीपणे काढण्याविरुद्ध आहे. सुट्टीत, वर्ग सीलबंद करून, सर्वांत खराब माल आधी, असे काम करता येते. जागेवर ठेवलेला माल मात्र फक्त जुना होत जातो. खर्चाचेही तसेच. या इमारती कधीतरी दुरुस्त कराव्या किंवा पाडाव्या लागणारच, आणि ऐनवेळचे काम सर्वांत महाग व धोक्याचे असते.

ब्रिटिश सरकारच्या २०१९ च्या पाहणीत माहिती देणाऱ्या शाळांपैकी ८०.९ टक्के शाळांनी आपल्याकडे ॲस्बेस्टॉस असल्याचे कळवले. २०२२ मध्ये संसदीय समितीने सार्वजनिक आणि व्यापारी इमारतींतून ते चाळीस वर्षांत काढावे आणि शाळांसारख्या जागांना प्राधान्य द्यावे, अशी शिफारस केली. सरकारने अशी मुदत ठरवण्यास नकार दिला. तो नकार चुकीचा होता. मुदत नसेल तर ‘लक्ष ठेवा’ या धोरणाची किंमत आज त्या वर्गांत बसणारी मुले उतारवयात मोजतील.