बार्शीहून सातची एसटी

सकाळी ७. बार्शी स्टँडवर परांड्याची गाडी लागलेली असते. पिशवीत फॉर्म, गावांची यादी, पाण्याची बाटली. आमचं काम कर्करोगाच्या नोंदणीचं. ग्रामीण भागातली देशातली ही पहिली नोंदणी १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी सुरू झाली.

८.३०. ग्रामपंचायत, मृत्यूची नोंदवही. कारणाच्या रकान्यात ‘वृद्धापकाळ’, ‘पोटदुखी’. एका बाईचं वय ४८, कारण पोटदुखी. तेवढ्या वयाची बाई नुसत्या पोटदुखीनं जात नाही. मी घर विचारून घेते.

१०. दारात तिची आई. नातवंडं सांभाळायला येऊन राहिलीय. खुंटीवरची पिशवी काढून देते. आत सोलापूरच्या दवाखान्याचे कागद, घडीवर फाटलेले: गर्भाशयमुखाचा कर्करोग, तिसरा टप्पा.

“आजी, लेकीचं वय किती होतं?”

“बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडाय जायची, तवा ही पोटात होती.”

म्हणजे वय ४८ नाही, पन्नाशी उलटलेली. खोडून नीट लिहिते. कोणत्या वयात रोग किती, हे सगळं त्या एका आकड्यावर उभं असतं.

“दोन वर्षं अंगावर जात हुतं तिच्या. दुखत न्हाई म्हणून बोलली न्हाई.”

मी पेन खाली ठेवते. अशा वेळी फॉर्म थांबू शकतो.

११.३०. शेजारणी ओट्यावर जमतात. त्यांना धाराशिव जिल्ह्यातली गोष्ट सांगते. इथल्या बायकांत हाच कर्करोग सर्वांत जास्त, हे आमच्या नोंदींतून दिसलं होतं. मग १९९९ मध्ये टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास हाती घेतला. पैसा गेट्स फाउंडेशनचा. आठ वर्षांत, एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगानं ३४ बायका गेल्या. तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. २००९ साली हे जगानं वाचलं. त्यासाठी गावोगाव बायका घराबाहेर पडल्या, हे मला त्या निधीइतकंच मोलाचं वाटतं.

२. भाकरी, आणखी दोन घरं.

५. ऑफिसात दवाखान्यांच्या याद्यांशी नावं ताडून बघते. एक माणूस दोनदा मोजला जाता कामा नये.

तुमच्या घरी कोणी नोंद घ्यायला आलं, तर कागद दाखवा, खरं सांगा. आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जात असेल, तर दुखायची वाट पाहू नका.