हिशेबाचे सॉफ्टवेअर : दुकानात की क्लाऊडवर?

बिलाचे व हिशेबाचे सॉफ्टवेअर दुकानातील संगणकावर ठेवावे की कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे ज्याला क्लाऊड म्हणतात तेथे, हा सवाल आपल्या व्यापारी बांधवांत हल्ली वारंवार निघतो. बहुतेकजण फक्त खर्च विचारतात. माझ्या मते आधी विचारायचे ते हे की, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती केव्हा चढवायची, हे कोण ठरवणार?

२२ सप्टेंबर २०२५ आठवा. घटस्थापनेची गर्दी आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे दर बदललेले. तयार कपड्यांवर पूर्वी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के व पुढे १२ टक्के होते. आता २५०० पर्यंत ५ व त्यावर १८. क्लाऊडवाल्याला नवी आवृत्ती आपोआप मिळते, माझ्यासारख्याने ती स्वतः चढवायची. आदल्या रात्री बसून चढवली, तरी सकाळी १२०० चा कुर्ता १२ टक्क्यांनीच छापला गेला. त्या मालाच्या नोंदीत जुना दर वेगळा भरलेला होता! गिऱ्हाइकांना फोन करकरून पैसे परत केले.

म्हणून क्लाऊड बरा म्हणावा, तर आपोआप येणारी आवृत्तीच बिघडलेली असली तर? १९ जुलै २०२४ ला क्राऊडस्ट्राईक कंपनीच्या एका अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. ते हिशेबाचे नव्हे, सुरक्षेचे सॉफ्टवेअर होते, पण दुखणे तेच.

शिवाय आपला किनारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाईलही मुके. क्लाऊडवरचा हिशेब शाबूत, पण उघडणार कसा? उलट जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. तळमजल्यावरच्या संगणकात एकुलती एक प्रत असेल, तर अशा वेळी हाती चिखलच येतो.

मी बिल दुकानातच ठेवले आहे. रोज रात्री एक प्रत क्लाऊडवर जाते, एक पेन ड्राईव्हमधून घरी येते. नवी आवृत्ती आधी मुलाच्या लॅपटॉपवर, कालच्या प्रतीवर चालवतो. निरनिराळ्या भावांची पाच बिले जुळली तरच दुकानात. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत व गणपतीच्या आठवड्यात तिला हात लावत नाही. सरकारी दर बदलला तर नाइलाज.

पनवेलला बसून मुरूडच्या दुकानातला साठा पाहणाऱ्याला मात्र क्लाऊडच सोयीचा. त्याने करारापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. आवृत्ती बिघडली तर जुनीवर परत जाता येईल का, आणि भाडे बंद केल्यावर आपला हिशेब कोणत्या स्वरूपात मिळेल? जीएसटी कायद्याप्रमाणे नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात.