पंधराव्या मिनिटाचे कपडे

नागपूरचं नाव निघालं की मे महिन्याचं ऊन आठवतं. पण २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे याच शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. त्याआधीचा नीचांक होता ३.९ अंश, ७ जानेवारी १९३७ चा. ऐंशी वर्षांहून जुना विक्रम त्या पहाटे मोडला. असा गारठा काही दरसाल पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथलं सरासरी किमान तापमान बारा-तेरा अंश असतं आणि थंडीची लाट आली की ते सात-आठवर येतं. दुपारी मात्र पारा अठ्ठावीसच्या घरात जातो. पहाटे हवाहवासा वाटणारा स्वेटर नऊ वाजेपर्यंत नकोसा होतो, आणि पहाटे धावणाऱ्याला तर तो त्याच्या कितीतरी आधी नकोसा होतो.

या दिवसांत फुटाळा, अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर पहाटे सगळ्या तऱ्हेचे लोक भेटतात. माकडटोपी आणि मफलर गुंडाळून फिरणारे आजोबा असतात. पंजाबी ड्रेसवर स्वेटर चढवून झपझप चालणाऱ्या बायका असतात. मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनची तयारी करणारे असतात. आणि पोलीस भरतीसाठी घाम गाळणारी पोरं-पोरी तर असतातच. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर ठरलेल्या वेळेत पार करायचे असतात. थंडी सगळ्यांना सारखीच, पण कपडे सारखे असून चालत नाहीत.

याचं कारण शरीराच्या भट्टीत आहे. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. चालताना ही उष्णता बेताची असते, त्यामुळे आजोबांची माकडटोपी आणि स्वेटर अगदी योग्य आहेत. धावणारा मात्र दहा-पंधरा मिनिटांत तापतो. म्हणून अनुभवी धावपटू एक साधा हिशेब सांगतात: बाहेर जितके अंश असतील त्यात दहा मिळवा आणि तेवढ्या तापमानाला शोभतील असे कपडे घाला. बारा अंशांची पहाट असेल तर बावीस अंशांचे कपडे. दारातून बाहेर पडताना अंगावर थोडा शहारा आला तर कपडे बरोबर आहेत. दारातच ऊब वाटली तर तिसऱ्या किलोमीटरला जॅकेट कमरेला बांधून धावावं लागणार हे नक्की.

नागपूरकरांची खरी अडचण पुढे आहे. हा कापसाचा मुलूख. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथेच १८७७ साली सुरू केली आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही इथेच आहे. उन्हाळ्यात सुती सदऱ्याला तोड नाही, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मात्र थंडीत धावताना अंगाला लागून असणारा कपडा सुती नसावा. कापसाच्या तंतूला पाणी आवडतं. सर्वसाधारण हवेतच तो आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. घाम आला की सुती बनियन तो पिऊन घेतं आणि अंगाला चिकटून बसतं. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे धावणं थांबवून चहाच्या टपरीवर उभं राहिलं की त्याच ओल्या बनियनमुळे हुडहुडी भरते. सर्दीच्या भीतीने आत जाड बनियन घालणारा माणूस नेमका यातच सापडतो.

त्यापेक्षा खेळाच्या दुकानात मिळणारा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट चांगला. तो घाम बाहेरच्या बाजूला पसरवतो आणि लवकर वाळतो. महागाचा घ्यायची गरज नाही. शाळा-कॉलेजच्या संघाची जुनी जर्सीही हेच काम करते. लोकरीचा गुण वेगळा. ती ओलावा भरपूर शोषते, पण तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहत असल्याने ओली झाली तरी बरीचशी ऊब टिकवते. थंड देशांतले धावपटू मेरिनो मेंढीच्या लोकरीचे तलम कपडे यासाठीच वापरतात. नागपुरात ती चैन आहे, गरज नाही.

मग दरवर्षी हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडून हौसेने घेतलेल्या जाड स्वेटरचं काय करायचं? गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, आणि विदर्भाच्या हिवाळ्याशी या समाजाच्या लोकरी कपड्यांचं नातं जुनं आहे. तो स्वेटर गाडीवर घालावा. नागपूरचा बहुतेक धावपटू घरातूनच धावत निघत नाही. तो स्कूटर काढून तलावापर्यंत जातो. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येणारा वारा आणि न हलणारं शरीर, अशी ती पाच-सात मिनिटं सगळ्या सकाळीत जास्त बोचतात. तेव्हा स्वेटर, जॅकेट, हातमोजे, स्कार्फ सगळं हवं. पोचल्यावर ते डिक्कीत ठेवावं, जागच्या जागी थोडं अंग गरम करावं आणि हलक्या कपड्यांत धावायला लागावं. परतीसाठी डिक्कीत एक कोरडा टी-शर्टही असू द्यावा. हिवाळ्यात धावणाऱ्याच्या सामानात यापेक्षा उपयोगाची वस्तू नाही. धावणं संपलं की भट्टी झपाट्याने विझते, अंग मात्र ओलंच असतं. त्या अवस्थेत गाडीवर बसणं हेच थंडी बाधण्याचं खरं कारण ठरतं.

पारा चौदा-पंधरावर असेल तर अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि शॉर्ट्स पुरतात. दहा-बारावर पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट घ्यावा, किंवा टी-शर्टसोबत हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या. क्रिकेटपटू आणि सायकलस्वार वापरतात त्याच. नागपूरच्या चढत्या पाऱ्याला या बाह्यांइतकं सोयीचं दुसरं काही नाही. गरम झालं की मनगटापर्यंत खाली सरकवायच्या, बस्स. सात-आठ अंशांवर एकावर एक दोन पातळ थर, लांब टाइट्स किंवा ट्रॅकपँट, हातमोजे आणि कानांवर पट्टी. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे नेहमी बरे, कारण मधल्या हवेची ऊब मिळते आणि एक काढूनही टाकता येतो.

हात आणि कान यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. थंडीत शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी बोटांकडे जाणारं रक्त कमी करतं. म्हणून अंग घामेजलेलं असतानाही बोटं बधिर होतात. साधे पातळ हातमोजे त्याला पुरे. डोक्यातून निम्मी उष्णता निघून जाते ही समजूत मात्र खोटी आहे. डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग आहे आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात घालवतं. टोपी घालावी ती कानांसाठी.

कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी किती वाईट, याचा मोठा दाखला त्याच २०१८ सालात आहे. १६ एप्रिलला बोस्टन मॅरेथॉन झाली तेव्हा तापमान तीन-चार अंशांच्या आसपास होतं, म्हणजे नागपूरच्या त्या विक्रमी पहाटेइतकंच. पण तिथे मुसळधार पाऊस आणि समोरून वारा होता. अनेक नामवंत धावपटूंनी गारठून शर्यत सोडली. महिलांची शर्यत जिंकलेल्या डेझिरी लिंडेन यांनी पाऊस-वारा अडवणारं जॅकेट शेवटपर्यंत उतरवलं नाही. जानेवारीत विदर्भात कधी अवकाळी पाऊस येतो. त्या दिवशी हलकं विंडचीटर हवंच.

विंडचीटर आणि वजन उतरवण्यासाठी विकले जाणारे प्लास्टिकचे सूट यांत मात्र गल्लत नको. भरतीची मुलं कधी हे सूट घालून धावताना दिसतात. त्यातून घटतं ते फक्त पाणी, आणि दोन ग्लास प्यायलं की वजन पुन्हा जागेवर येतं. अमेरिकेत १९९७ साली वजन झटपट उतरवण्याच्या खटपटीत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत अशा सूटांवर बंदी आली. पोरांनो, हा सूट फेकून द्या.

थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात, आणि दमा असलेल्यांना त्याचा त्रास लवकर होतो. नागपूरच्या मुली गाडीवर बांधतात तसा स्कार्फ नाका-तोंडावर सैल घेतला तर आत जाणारी हवा थोडी कोमट आणि दमट होते. थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाबही वाढतो. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं आणि ऊन पडल्यावरच बाहेर पडावं.

जानेवारीच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य पावणेसातनंतर उगवतो. बहुतेक धावणारे त्याआधीच रस्त्यावर असतात, बऱ्याचदा धुक्यात, आणि थंडीचे कपडे म्हणजे काळे किंवा गडद निळे असंच दुकानांत जणू ठरलेलं आहे. मोटार चालवणाऱ्याला असा माणूस अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. यंदा एकच वस्तू घ्यायला पैसे असतील, तर हातमोज्यांच्याही आधी दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घ्या, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने धावा.