शपथ, लग्न, मरण : श्रद्धेसह आणि श्रद्धेविना

रोजच्या जगण्यातली नीती : लेखांक सहावा

नीतीने वागायला देव मानावा लागतो का, हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो की देवांना आवडते म्हणून एखादी गोष्ट पवित्र ठरते, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते. या पेचाला सर्वांना पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही. व्यवहाराला मात्र उत्तर येईपर्यंत थांबता येत नाही. साक्षीदार खरे बोलेल याचा भरवसा कशावर धरायचा, नवराबायकोने एकमेकांना दिलेले वचन कोणाच्या साक्षीने पक्के समजायचे, गेलेल्या माणसाला निरोप कसा द्यायचा, हे रोज ठरवावेच लागते. श्रद्धावान आणि अश्रद्ध यांची खरी गाठ पडते ती अशा प्रसंगांत.

पहिला प्रसंग शपथेचा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६८९ साली धार्मिक सहिष्णुतेचा मोठा पुरस्कार केला, पण नास्तिकांना त्यातून वगळले. त्याचे कारण साधे होते : ज्याला देवाची भीती नाही त्याला शपथ, करार, वचन यांचे बंधन कसे वाटणार? त्याच्या सात वर्षे आधी, १६८२ मध्ये, पिएर बेल या फ्रेंच विचारवंताने नेमके उलटे मांडले होते. माणसे आपल्या श्रद्धेप्रमाणे वागतच नाहीत, ती स्वभाव, सवय आणि लोकलज्जा यांप्रमाणे वागतात. तेव्हा नास्तिकांचा समाजही सुरळीत चालू शकेल, असे बेलचे म्हणणे. दोघांपैकी माणसाची पारख बेलला अधिक होती असे म्हणावे लागते. नरकाची भीती पुरेशी असती तर ख्रिस्ती युरोपातल्या न्यायालयांना खोट्या साक्षीसाठी वेगळी शिक्षा ठेवावी लागली नसती.

शपथेला पहिला आक्षेप नास्तिकांनी घेतला अशी समजूत असते. तसे घडलेले नाही. इंग्लंडमध्ये हा आक्षेप सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या अत्यंत भाविक ख्रिस्ती लोकांनी घेतला. बायबलमध्ये येशूने शपथ घेऊ नका असे सांगितले आहे, आणि जो नेहमीच खरे बोलतो त्याला शपथेची गरज काय, हा त्यांचा मुद्दा होता. त्यासाठी तुरुंगवास सोसल्यावर शतकाच्या अखेरीस त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञेवर बोलण्याची मुभा मिळाली. हिंदुस्थानातही वाट भाविकांनीच उघडली. कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदूंना गंगाजलाची आणि मुसलमानांना कुराणाची शपथ घ्यावी लागे. अनेकांच्या मनाला ते इतके रुचत नसे की त्यापायी न्यायदानातच अडथळे येऊ लागले. १८४० च्या कायद्याने ही सक्ती उठवली आणि प्रतिज्ञा पुरेशी मानली. देवाला साक्षीला ओढण्याचा संकोच त्याच्यावर श्रद्धा असणाऱ्यालाच अधिक वाटला.

त्याच वाटेने पुढे नास्तिक आले. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आला. त्याने प्रतिज्ञेवर सभासद होण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मग त्याने शपथ घ्यायची तयारी दाखवली, तर तुझा देवावर विश्वासच नाही म्हणून तीही घेऊ दिली नाही. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिले आणि संसदेने पुन्हा पुन्हा बाहेर काढले. १८८६ मध्ये तो अखेर सभागृहात बसला आणि १८८८ मध्ये त्याच्याच पुढाकाराने प्रतिज्ञेचा हक्क सर्वांसाठी मान्य झाला. डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईत काँग्रेसचे पाचवे अधिवेशन भरले तेव्हा हाच ब्रॅडलॉ पाहुणा म्हणून आला होता. सभामंडपातल्या बहुसंख्य देवभक्तांनी त्याचे मनापासून स्वागत केले. हिंदुस्थानची बाजू संसदेत मांडणारा हा माणूस शब्दाला जागतो, एवढे त्यांना पुरे होते.

भारतात आज १९६९ चा शपथ अधिनियम लागू आहे. साक्षीदाराने ईश्वराच्या नावाने शपथ घ्यावी किंवा प्रतिज्ञेवर सांगावे. दोन्हींचे वजन सारखे. (गीतेवर हात ठेवून साक्ष देणे हिंदी चित्रपटांत अजून चालू आहे, कायद्याच्या नमुन्यात गीता नाही.) या अधिनियमाच्या चौथ्या कलमाचे परंतुक नीतीच्या अभ्यासकाने वाचण्यासारखे आहे. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय हे कळत नसेल, पण खरे बोलले पाहिजे हे कळत असेल, तर त्याची साक्ष शपथेविना घेता येते, आणि खरे बोलण्याची त्याची जबाबदारी तशीच राहते. कायद्याने इथे दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या केल्या. खरे बोलण्याची जाणीव आधी येते, शपथ नंतर. सात-आठ वर्षांच्या मुलाकडे पहिली असू शकते आणि दुसरी नसू शकते.

संविधान सभेतही हाच प्रश्न आला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी तिला विरोध केला : जी उद्देशिका विचार आणि श्रद्धा यांचे स्वातंत्र्य देते तिनेच सर्वांवर एक श्रद्धा लादावी हे विसंगत आहे. पूर्णिमा बॅनर्जींनी तर ईश्वर मताला टाकण्याची वेळच आणू नका अशी विनंती केली. कामत हटले नाहीत. मतदान झाले; ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. विरोधात मत देणाऱ्यांत पूजाअर्चा करणारे कमी नसावेत. मंत्र्याने, खासदाराने, न्यायाधीशाने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, ही निवड तिसऱ्या अनुसूचीत ज्याच्या त्याच्यावर सोपवली आहे.

दुसरा प्रसंग लग्नाचा. इथे महाराष्ट्राने स्वतःची वाट काढली. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च नाममात्र. वधूवरांनी म्हणायची मंगलाष्टके मराठीत, आणि त्यांत वधू आपले हक्क मागते व वर ते देण्याचे वचन देतो. फुले नास्तिक नव्हते. जग निर्माण करणारा एक ‘निर्मिक’ ते मानत. त्याच्या आणि माणसाच्या मध्ये दलाल नको, एवढा त्यांचा हट्ट होता. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहिलेले त्यांचे ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघाले. एकाच घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी असे सगळे गोडीने राहू शकतात, असे चित्र त्यात आहे. आजही हे चित्र धाडसाचे वाटते.

ज्यांना कोणताच धार्मिक विधी नको होता त्यांच्यासाठी १८७२ चा विशेष विवाहाचा कायदा होता, पण त्याची अट विचित्र होती. वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कोणीच नाही असे जाहीर करावे लागे. विधी नको तर धर्मही सोडा, असा तो सौदा होता. १९२३ च्या दुरुस्तीने तो काहीसा सैल झाला आणि १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाने संपला. आता तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार यांच्या बळावर कोणत्याही धर्माचे, किंवा कोणताच धर्म न मानणारे, नोंदणी पद्धतीने लग्न करू शकतात. तमिळनाडूने १९६७ मध्ये वेगळा मार्ग धरला : हिंदू विवाह कायद्यातच दुरुस्ती करून पुरोहिताविना लागलेल्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली.

या संदर्भात सेवाग्रामचे एक लग्न ध्यानात घ्यावे. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपाराजू रामचंद्र राव, यांचे गांधींशी १९४० च्या दशकात बरेच बोलणे झाले. गोरांनी आपल्या मुलीचे लग्न अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या तरुणाशी ठरवले. ते आश्रमात लावायला गांधी तयार झाले; पण विधीत ईश्वराचे नाव यायचे, आणि गोरांना ते म्हणणे म्हणजे खोटे बोलणे वाटत होते. गांधींनी ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घालायला संमती दिली. लग्नाआधीच गांधींची हत्या झाली. मार्च १९४८ मध्ये ठरल्याप्रमाणे सेवाग्रामला ते लग्न लागले. गांधींची ईश्वरावरची श्रद्धा या संमतीमुळे तसूभरही कमी झाली नव्हती. समोरच्या माणसाकडून खोटे वदवून घ्यायचे नाही, इतकेच त्यांनी पाहिले.

तिसरा प्रसंग मरणाचा, आणि इथे गोपाळ गणेश आगरकरांचे नाव टाळता येत नाही. १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे पत्र काढल्यापासून आगरकर धर्माला बुद्धीची कसोटी लावत होते. माणसाचे सुख वाढते की घटते यावरून आचार योग्य की अयोग्य ते ठरते, परलोकाचा हवाला त्याला लागत नाही, असे ते मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या वाचनातून आणि स्वतःच्या विचाराने मांडत. प्रेतसंस्कारांवर त्यांनी टीका केली, तेव्हा पुण्यातल्या विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असताना वारले. दहनाच्या खर्चापुरते वीस रुपये त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. आपल्या मरणाचा भार दुसऱ्यावर पडू नये, हे त्यांच्या नीतीचे व्यवहारातले रूप. पत्नी यशोदाबाई सोवळे पाळत, देवधर्म करत. आगरकरांनी त्यात आडकाठी केली नाही.

याच्या शेजारी गाडगेबाबांना ठेवून पाहावे. ते कीर्तनकार, हाती खराटा, मुखी देवकीनंदन गोपाला. पण कर्ज काढून दिवस घालू नका, देवाला बोकड कापू नका, शिवाशीव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, हेच त्यांच्या कीर्तनाचे सार. आगरकरांच्या निबंधांतून आणि बाबांच्या कीर्तनातून वर्तनाची यादी काढली तर ती बरीचशी एकच निघते. फरक आहे तो ऐकणाऱ्यांच्या संख्येत. ‘सुधारक’ सुशिक्षितांच्या टेबलावर राहिला. बाबांचे शब्द शेतावर आणि उकिरड्यापर्यंत पोहोचले.

धर्माचे बळ इथे दिसते. नीतीचे समर्थन करण्यात तो बुद्धिवादापेक्षा वरचढ ठरतो असे नाही. नीतीची सवय लावण्यात मात्र ठरतो. माळकऱ्याला दारूच्या गुत्त्यासमोर उभे राहायची चोरी असते, कारण गळ्यातली तुळशीची माळ सगळ्या गावाला दिसते. मुसलमानाला वर्षाला शिल्लक संपत्तीचा अडीच टक्के भाग जकात म्हणून काढायचा असतो. किती द्यावे याचा त्याला दर वेळी नव्याने विचार करावा लागत नाही. गुरुद्वारात लंगरची भांडी घासायला कोणीही बसतो. बेलने म्हटलेली लोकलज्जा आणि सवय ती हीच. याची दुसरी बाजूही आहे : गावाचा हाच डोळा जातीबाहेर लग्न करणाऱ्यावर बहिष्कार घालतो, आणि तेही धर्माच्याच नावाने. म्हणून महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

श्रद्धा नसलेल्याला ही चौकट स्वतः उभी करावी लागते, आणि ते सोपे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही अडचण नेमकी ओळखली होती. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये निघालेल्या ग्रंथात त्यांनी मांडले की इतर धर्मांत नीतीला जोडीची जागा असते, धम्मात देवाची जागाच नीती घेते. पण नुसत्या तत्त्वावर ते थांबले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. वस्तीवस्तीत विहारे झाली, पंचशील म्हटले जाऊ लागले. देवाविना, पण सवयीसह, असा हा तोडगा आहे. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीत देव-धर्माबाबत तटस्थ राहून शोषणाला विरोध करण्याची भूमिका घेतली. तिच्यामुळे वारकरी आणि नास्तिक एका व्यासपीठावर बसू शकले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला.

मरणाच्या बाबतीत आज सर्वांत मोठा बदल देहदान आणि नेत्रदान यांनी घडवला. विधी न मानणारे वैद्यकीय महाविद्यालयाला देह देतात. विधी मानणारे दधीचीची आठवण काढून तेच करतात. श्रीलंकेने बौद्धांच्या दानाच्या कल्पनेवर नेत्रदानाची चळवळ उभारली आणि १९६० च्या दशकापासून परदेशांना नेत्रपटले पुरवली. ज्याला त्या डोळ्याने दिसू लागते त्याला दात्याची श्रद्धा विचारण्याचे कारण पडत नाही.

राहता राहिला सरकारी अर्जातला धर्माचा रकाना. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी आपला धर्म सांगितला नाही. स्वतःला नास्तिक म्हणवणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले, त्यांत महाराष्ट्रातले सर्वाधिक. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात कोणताही धर्म न पाळण्याचे स्वातंत्र्य येते आणि कोणत्याही अर्जात धर्म सांगण्याची सक्ती सरकारला करता येत नाही. धर्म सोडला तरी वारसाहक्काचा कायदा मात्र बहुधा जन्माच्या धर्मावरून लागतो. केरळमधल्या एका महिलेने, मुस्लिम घरात जन्मून श्रद्धा उरली नाही म्हणून, आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू करावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. त्यावर २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली. इस्टेटीच्या वाटणीतली नीती आणि कायदा यांचा विचार पुढच्या लेखांकात.