वाडा पडण्याआधी एक फोटो

मागे आम्ही गटातल्या बाराजणी पुण्याला प्रदर्शनात पापड-कुरडया विकायला गेलो होतो. शेवटच्या दिवशी माल लवकर संपला, म्हणून शहर बघायला निघालो. आधी गेलो भिडे वाड्याकडे. दगडूशेठ गणपतीसमोरची ही जागा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथेच सुरू केली. पण वाडा तिथे नव्हता. मोडकळीला आलेली ती इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली.

स्मारक हवेच. तरी मन खट्टू झाले. आमच्यातल्या एका ताईने काही वर्षांपूर्वी तिथून जाताना मोबाइलवर फोटो काढला होता. फोटो वाकडा, अर्धा वाडा टेम्पोने झाकलेला. तरी आम्ही सगळ्या तो पुन्हा पुन्हा बघत होतो. मग ठरवले, फोटो नीट काढायला शिकायचे.

पहिली गोष्ट, मोबाइलची काच पदराने पुसा. पिठाचा, तेलाचा हात लागलेला असतो, त्याने फोटो धुरकट येतो. दुसरी गोष्ट, ऊन आपल्या पाठीशी हवे. विश्रामबाग वाडा १८०७ सालचा, दुसऱ्या बाजीरावाचा. त्याचे कोरीव लाकडी खांब ऊन समोरून डोळ्यांवर आले की नुसते काळे दिसतात. सकाळचे किंवा उतरते ऊन चांगले.

तिसरी गोष्ट, मोबाइल वर तिरका करू नका, इमारत मागे कललेली दिसते. त्यापेक्षा चार पावले मागे सरा. मात्र मागे सरताना रस्त्यावरची वाहने बघा! महात्मा फुले मंडईचा मनोरा आम्हाला असाच लांबून पूर्ण मिळाला.

चौथी गोष्ट, प्रत्येक जागेचे तीन फोटो काढा: एक पूर्ण, एक दाराचा, एक बारकाव्याचा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे लांबून कळत नाहीत. भिंतीवर चित्र रंगवलेले असेल, तर कोपऱ्यातली चित्रकाराची सहीसुद्धा फोटोत घ्या. ती त्याची मेहनत आहे.

पाचवी गोष्ट, विचारून काढा. तुळशीबागेजवळ तांब्या-पितळेच्या भांड्यांचे एक जुने दुकान दिसले. लाकडी फळ्यांचे दार, हाताने रंगवलेली पाटी. आम्ही विचारले, तर आजोबांनी फोटो काढू दिलाच, वर पाटी कोणी रंगवली तेही सांगितले. न विचारता काढला असता, तर ही माहिती मिळाली नसती. बायका-मुलांचे चेहरे तर त्यांच्या होकाराशिवाय घेऊच नका.

शेवटची गोष्ट, घरी आल्यावर वहीत जागा, तारीख आणि ऐकलेली माहिती लिहा. फोटोची एक प्रत दुसऱ्या मोबाइलमध्ये ठेवा. मोबाइल पाण्यात पडला, तर सगळे जाते.

गावी परतल्यावर आम्ही आधी एका पडक्या घराची ओसरी टिपली. आमच्या गटाची पहिली बैठक तिथेच झाली होती. दर आठवड्याला दहा रुपये काढायचे, हे तिथेच ठरले. आता घरमालक ते घर पाडून नवे बांधणार आहेत. त्यांचे बरोबरच आहे, पण ओसरी आता आमच्या वहीत आहे.

तुमच्याही गावात वेस असेल, बारव असेल, चावडी असेल. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एका जागेचे तीन फोटो आणि चार ओळी आणाव्यात. मोबाइल नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असेल, तर तासभर मागून घ्या. तेवढा हक्क आपला आहेच.