व्याज न घेणारी बँक चालते कशी?

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांचे मालक कुवेतला कामाला असतात. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं तिकडे आखातात आहेत. ताई म्हणाल्या, "तिकडे काही बँका व्याज घेतच नाहीत म्हणतात. मग त्यांचा खर्च भागतो कशावर?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून थोडं वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि आज तेच तुम्हाला सांगतोय.

अरब देशांत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जे अर्थशास्त्र शिकवतात, त्याची सुरुवात आपल्या चुलीपाशीच होते. गरजा फार, पैसा आणि जमीन थोडी, मग निवड कशी करायची? इजिप्तमधला नाईल नदीकाठचा शेतकरी घ्या. हिवाळ्यात त्याच्यापुढे दोन पिकं असतात, गहू आणि बरसीम. हो, तेच बरसीम, जे आपण म्हशीला घालतो. ते तिकडूनच आपल्या देशात आलं. गहू पेरला तर जनावराचा चारा विकत आणावा लागतो, बरसीम पेरलं तर घरचा गहू जातो. एक घेताना जे दुसरं सोडावं लागतं, तीच त्या निवडीची खरी किंमत. पैसे मोजले नाहीत तरी ती द्यावी लागतेच.

दुसरा धडा मागणी आणि पुरवठ्याचा. रमजानमध्ये उपास खजुराने सोडतात, म्हणून त्या महिन्यात खजुराला मागणी वाढते. झाडं मात्र तेवढीच असतात. आपल्याकडे गणपतीत फुलांचं जे होतं, तेच तिथे खजुराचं.

तिसरा धडा सरकारी मदतीचा. इजिप्तमध्ये लोक रोटीला 'ऐश' म्हणतात. ऐश म्हणजे जगणं. तिथे रेशनकार्डावर माणशी रोज 5 रोट्या स्वस्तात मिळतात. एका रोटीची किंमत तीस वर्षांहून जास्त काळ 5 पियास्टरच होती. जून 2024 मध्ये ती 20 पियास्टर झाली. गहू मोठ्या प्रमाणात बाहेरून आणावा लागतो, तो महागला की सरकारवर बोजा पडतो. रेशनच्या रांगेत उभी राहणारी प्रत्येक बाई हा धडा पुस्तकाशिवाय जाणते.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. इस्लाम धर्मात 'रिबा' निषिद्ध आहे. रिबा म्हणजे उसन्या पैशावर आधीच ठरवून घेतलेली वाढ. व्यापारातला नफा मात्र चालतो. फरक असा, की व्यापारात माल असतो आणि जोखीमही असते. नुसता पैसा देऊन, समोरचा बुडो की तरो, माझे जादा पैसे मला द्या, असं म्हणायचं नाही. अरब देशांत व्याजाच्या बँकाही भरपूर आहेत, पण ज्यांना हे पाळायचं आहे त्यांच्यासाठी वेगळ्या बँका निघाल्या. त्या मुख्यतः तीन प्रकारे काम करतात.

पहिला प्रकार मुराबहा. समजा तुम्हाला शिलाई मशीन हवं आहे, किंमत 10,000 रुपये. बँक तुमच्या हातात पैसे देत नाही. ती स्वतः मशीन विकत घेते आणि तुम्हाला 11,000 ला हप्त्यांनी विकते. आपला नफा किती, हे आधीच उघड सांगते. ठरलेली किंमत नंतर वाढत नाही. उशीर झाला म्हणून दंड घेतला, तर तो बँकेने स्वतःकडे ठेवायचा नसतो, दानधर्मात द्यायचा असतो. काहीजण म्हणतात, हे व्याजच आहे, फक्त नाव बदललं. हा वाद तिकडच्या वर्गांतही चालतो.

दुसरा प्रकार मुदारबा. एकीचे पैसे, दुसरीचे कष्ट. नफा कसा वाटायचा हे आधी ठरतं, समजा निम्मा-निम्मा. तोटा झाला, आणि त्यात कष्ट करणारीचा हलगर्जीपणा नसेल, तर पैसेवालीचे पैसे जातात आणि कष्टकरणीचे कष्ट जातात. तिच्यावर कर्ज राहत नाही.

तिसरा प्रकार मुशारका. दोघींनी भांडवल घालायचं. नफा ठरल्याप्रमाणे, तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या हिश्श्याने.

याशिवाय 'कर्दे हसन' असतं. म्हणजे अडीअडचणीला दिलेलं बिनव्याजी उसनं. आणि 'जकात', म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली तर तिच्यातला चाळिसावा भाग, 100 मागे अडीच रुपये, गरजूंना देणं.

या बँकांची सुरुवात बड्या शहरात झाली असेल असं आम्हाला वाटलं होतं. पण इजिप्तमध्ये 1963 साली अहमद अल-नज्जार नावाच्या अर्थतज्ज्ञांनी मित घम्र या छोट्या गावी बचत बँक काढली. ते जर्मनीत शिकून आले होते आणि तिथल्या छोट्या बचत बँका त्यांनी पाहिल्या होत्या. शेतकरी आणि कामगार थोडे थोडे पैसे ठेवायचे, त्यातून छोटी कर्जं मिळायची. ती बँक काही वर्षांतच बंद पडली. पुढे 1975 मध्ये दुबईत आणि 1977 मध्ये कुवेतमध्ये याच विचारावर मोठ्या बँका उभ्या राहिल्या.

आणि इजिप्तमधल्या बायका काय करतात माहीत आहे? 'गमइया' लावतात. दहाजणी दर महिन्याला ठरलेली रक्कम काढतात, आणि पाळीपाळीने एकेकीला सगळी रक्कम मिळते. मैत्रिणींनो, ही तर आपली भिशी!

हे सगळं वाचताना आम्हाला आमच्याच गटातली एक गोष्ट टोचत राहिली. एका ताईने शेळ्यांसाठी 20,000 रुपये घेतले होते, महिना शेकडा 2 ने. तिसऱ्या महिन्यात रोग आला, शेळ्या मेल्या. आम्ही सगळ्यांनी जाऊन हळहळ व्यक्त केली. पण वहीत व्याज लागत राहिलं, आणि हप्ता चुकला म्हणून दंडही. नियम म्हणजे नियम, असं आम्हीच म्हणालो. ताईने बैठकीला येणं बंद केलं. रस्त्यात दिसली तर मान खाली घालून जायची.

आता, आपल्या गटाचं व्याज सावकाराच्या व्याजासारखं नाही. ते परत गटातच येतं, त्यातून आपलाच निधी वाढतो. बँकेकडून गटाने घेतलेल्या कर्जावर तर व्याज भरावंच लागतं. म्हणून उद्यापासून व्याज बंद करा, असं आम्ही मुळीच सांगत नाही. प्रश्न एवढाच, की जोखीम सगळी एकीच्याच डोक्यावर का?

तोटा वाटून घेणं सोपं नाही. बहुतेक इस्लामी बँकाही मुराबहावरच भर देतात, कारण समोरच्याचा तोटा खरा की खोटा, हे बँकेला कळणं अवघड. आपलं तसं नाही. कुणाची शेळी मेली, कुणी विकली, हे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं. मोठ्या बँकेकडे नसलेली माहिती आपल्या ओट्यावर बसून मिळते.

म्हणून आम्ही बैठक घेतली आणि सर्वांच्या सह्यांनी ठराव केला. जनावर दगावलं, पीक गेलं, तर पशुवैद्यकाचा दाखला किंवा पंचनामा पाहून त्या महिन्यापासून गटाच्या निधीतल्या कर्जाचं व्याज थांबवायचं. मुद्दल फेडायचंच, पण हप्ते लहान करायचे. दंडाचे पैसे गटाच्या नफ्यात न धरता अडचण निधीत टाकायचे. आणि शेळी घेतली की विमा आधी उतरवायचा. एका ताईंचं म्हणणं होतं की यातून पळवाट निघेल. त्यांचंही खरं आहे, म्हणून ठराव एका वर्षापुरताच केलाय. वर्षाने वही उघडून बघू.

शेळ्यांच्या ताईकडे आम्ही दोघी ठराव घेऊन गेलो. तिने ऐकून घेतलं, चहा केला, हो-नाही काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला मात्र आली. दाराशीच बसली, आणि पदरातून 300 रुपये काढून पुढे ठेवले.

तुमच्या गटात अशी कोणी ताई असेल तर पुढच्या बैठकीत तिचं नाव काढा.